मिसची खोटी माणसं

"आधी जुनी माणसं उडव, मग नवीन भर. आणि उडवल्यावर नीट बघ. मागच्या वेळी काही जिवंत राहिली होती."

मरोळ नाक्याच्या सिग्नलला आमची रिक्षा अडकली होती आणि मिस फोनवर कुणाला तरी हे ठणकावून सांगत होत्या. मी शेजारी बसून आरशात रिक्षावाल्याचे डोळे बघत होते. ते हळूहळू मोठे होत चालले होते. चढताना हाच माणूस सुट्या पैशांवरून आमच्याशी भांडायच्या तयारीत होता. अंधेरी स्टेशनला उतरलो तेव्हा त्याने निमूटपणे सुटे काढून दिले, "संभाल के जाना, आंटी" म्हणाला आणि पुढचं भाडंसुद्धा न बघता सुसाट निघून गेला. मिसना यातलं काही कळलं नव्हतं. "चांगला मुलगा होता," त्या म्हणाल्या.

मिस कुणाचा खून वगैरे करत नसत. त्या आमच्या ऑफिसात डेटाबेस सांभाळायच्या. आमची कंपनी दवाखान्यांसाठी आणि हॉस्पिटलांसाठी सॉफ्टवेअर बनवते. पेशंटची फाईल, औषधांच्या चिठ्ठ्या, तपासण्यांचे रिपोर्ट, असं सगळं. ऑफिस मरोळच्या एका इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये, खालच्या गाळ्यात पुठ्ठ्याची खोकी बनतात आणि वर आम्ही बसतो. आम्ही सगळे ज्याला डेटा म्हणायचो, त्याला मिस 'माणसं' म्हणायच्या. जुना सर्व्हर बंद करून नवा चालू केला की विचारायच्या, "सगळी माणसं पोचली का?" बॅकअप घ्यायला कोणी विसरलं तर, "रात्रभर माणसं उघड्यावर ठेवलीस तू." नव्याने आलेल्याला वाटायचं, बाई जरा सरकलेल्या आहेत. महिन्याभरात तोही तसंच बोलायला लागायचा.

त्यांना मिस का म्हणायचे, हे कुणालाच धड सांगता येत नसे. त्या कधी शाळेत शिकवत नव्हत्या. पण चष्मा नाकावर उतरवून त्या नुसत्या टेबलापाशी येऊन उभ्या राहिल्या की चाळिशीचा माणूसही गृहपाठ राहिल्यासारखा उठून उभा राहायचा. बुटक्या, गोल, केस घट्ट बांधलेले. ऑफिसच्या एसीशी त्यांचं जुनं वैर होतं, म्हणून बारा महिने चॉकलेटी स्वेटर. मे महिन्यातसुद्धा.

मिस गोराईच्या. तिथल्या जुन्या ख्रिश्चन गावठाणातलं त्यांचं घर, परसात वांगी, शेवगा, दोन-चार माड. वांगी आली की पिशवी भरून ऑफिसात यायची आणि ज्याने त्या आठवड्यात त्यांना छळलं नसेल त्याला मिळायची. मला बराच काळ वांगी मिळाली नाहीत. रोज सकाळी बोटीने खाडी ओलांडून त्या बोरिवलीच्या बाजूला यायच्या आणि तिथून अंधेरी. संध्याकाळी वेळ झाली की उठल्याच. आमचे सर, म्हणजे कंपनीचे मालक, कधी थांबवायला आले तर मिस शांतपणे म्हणायच्या, "सर, ओहोटी लागेल." सर घाटकोपरात वाढलेले. त्यांचा समुद्राशी संबंध जुहूच्या भेळेपुरता. ते ताबडतोब गंभीर व्हायचे, खिडकीबाहेर बघायचे, जणू ओहोटी मरोळपर्यंत आलीय, आणि म्हणायचे, "हो, हो, निघा तुम्ही." गोराईला रस्त्यानेही जाता येतं हे त्यांना कुणी सांगितलं नाही. मीही नाही.

ऑफिसात कुणी पासवर्ड टाईप करत असेल तर आपण साधारण मान वळवतो. मिस अख्खी खुर्ची फिरवून भिंतीकडे तोंड करून बसायच्या आणि "झालं का?" विचारायच्या. हॉस्पिटलात जाऊन तिथल्या मशीनवर काम करायची वेळ आली तर पर्समध्ये चर्चच्या जुन्या कॅलेंडरची कापलेली पट्टी आणि सेलोटेप असायचा. स्क्रीनवर पेशंटचं नाव जिथे येतं तिथे ती पट्टी चिकटवायची आणि मगच कामाला लागायचं. तिथल्या एका कारकुनाने एकदा हसून विचारलं, "मॅडम, नाव बघितलं तर काय डोळे येतात काय?" मिस म्हणाल्या, "मला त्याचं नाव लागत नाही ना. मग कशाला बघू? तुम्ही दुसऱ्याच्या घरात नळ दुरुस्त करायला गेलात तर कपाटं उघडता काय?"

आणि त्यांची खोटी माणसं.

नवा प्रोग्रॅम बरोबर चालतो का हे बघायला त्यात पेशंट भरावे लागतात. याचे दोन सोपे मार्ग आहेत. आळशी माणूस नावाच्या जागी 'एबीसी' आणि वयाच्या जागी नव्याण्णव टाकून मोकळा होतो. हुशार माणूस खऱ्या हॉस्पिटलची अख्खी कॉपी उचलून ऑफिसात आणतो, तिच्यावर प्रयोग करतो आणि चहा पिताना सांगतो, "अरे, त्या सिरियलमधल्या बाईला मूळव्याध आहे, ठाऊक आहे का?" मिसनी तिसरा मार्ग काढला होता. त्यांनी एक गावच वसवलं होतं. त्यात मढची एक मासळीवाली होती, जिचा फोन नंबर तिच्या मुलाचा होता आणि मुलगा फोन उचलत नसे. अर्ध्या कागदांवर माहेरचं नाव राहून गेलेली सून होती. बारसं व्हायचं होतं असं बिननावाचं बाळ होतं. जन्मतारीख विचारली की "भातलावणी चालू होती" एवढंच सांगणारे आजोबा होते. यातलं कुणीही कधी जन्माला आलेलं नव्हतं आणि आम्ही सगळे त्यांना नातेवाइकांसारखे ओळखायचो.

नवीन येणाऱ्याने या गावात एक माणूस भरायचा, हा रिवाज. मी पहिल्या दिवशी झटपट 'टेस्ट पेशंट' असं टाईप केलं. मिस मागे येऊन उभ्या राहिल्या.

"आईने ह्याचं नाव टेस्ट ठेवलं?"

मी पटकन पत्त्याच्या रकान्यावर गेले.

"राहतो कुठे?"

"अंधेरी."

"अख्ख्या अंधेरीत राहतो? गल्ली नाही, बिल्डिंग नाही? वजन किती? दोनशे किलो? अगं, उचलणार कोण ह्याला? काढ. नीट जन्माला घाल. खोटं माणूस नीट केलंस ना, तर खऱ्याला हात लावायची वेळ येत नाही."

ओळखीच्या माणसाचं नाव या गावात चालत नसे. आमच्यातल्या एकाने प्रेमभंगाच्या रागात आपल्या जुन्या मैत्रिणीला नाव जरासं बदलून पेशंट केलं आणि तिला नायटा, मुतखडा, टक्कल असं सगळं देऊन टाकलं. मिसनी दुरूनच वाचलं. "एवढे आजार एकीला होत नाहीत," त्या म्हणाल्या. "हे रागाने झालेत. काढ तिला, आणि दोन दिवस सुट्टी घे."

हे सगळं त्यांच्या डोक्यात कुठून आलं असेल याचा एक धागा मला नंतर मिळाला. मिसच्या आडनावात, इंग्रजीत लिहिताना, अक्षरांच्या मध्ये, वर लटकणारं एक चिन्ह होतं, ॲपॉस्ट्रॉफी. त्या कॉलेजात असताना बँकांमध्ये कॉम्प्युटर नवे नवे आले होते आणि ते चिन्ह आलं की मशीन अडकायचं. कारकून म्हणाला, आडनाव बदलून आणा. "मी त्याला म्हटलं, माझ्या आजोबांना जमलं हे आडनाव चालवायला, तुझ्या डब्याला का जमत नाही?" आणि डबा कसा चालतो ते शिकायला मिसनी दुसऱ्याच आठवड्यात बोरिवलीत क्लास लावला. मशीनची चूक असताना माणसाला बदलायला सांगायचं नाही, एवढंच त्यांचं तत्त्वज्ञान. बाकी आयुष्यभर त्याचाच हट्ट.

हट्टी तर त्या होत्याच. त्यांच्यामुळे कामं लांबायची. सगळं क्लाऊडवर न्यायचं ठरलं तेव्हा त्यांनी दोन महिने सरांना पिडलं, "क्लाऊड म्हणजे कुणाचं घर? चावी कुणाकडे? घरमालक कोण?" शेवटी सरांनी वैतागून सगळी कागदपत्रं त्यांना दिली, त्यांनी ती शब्द न् शब्द वाचली आणि त्यातल्या तीन अटी बदलून घेतल्या. मला तेव्हा त्यांचा भयंकर राग यायचा. मला वाटायचं, ही बाई साध्या सरळ कामात खोडा घालते.

एकदा मधुमेहवाल्यांची मिठाई विकणारा एक प्रतिनिधी सुकामेव्याचा डबा घेऊन सरांकडे आला. त्याला घाटकोपरमधल्या शुगरच्या पेशंटची नावं-पत्ते हवे होते. सरांना नाही म्हणता येईना, ओळखीतून आला होता. ते म्हणाले, "मिस, द्या ना यांना काहीतरी." मिसनी दिलं. त्यांच्या गावातल्या सगळ्या मधुमेहींची सुबक यादी, घाटकोपरचे पत्ते घालून, छापून दिली. तो बिचारा आठवडाभर घाटकोपरात नसलेल्या गल्ल्या शोधत फिरला. शनिवारी मिसनी चर्चमध्ये जाऊन हे कबूल केलं म्हणे. फादर आधी हसले आणि मग त्यांनी प्रायश्चित्त दिलं. "हसले ते चाललं," मिस म्हणाल्या, "पण प्रायश्चित्त जरा जास्तच झालं."

आता मिस निवृत्त झाल्यात. मी अधूनमधून बोटीने जाते, मला वांगी मिळतात. लोकांची माहिती जपायचा आता कायदाही आलाय. ऑफिसात त्यावर ट्रेनिंग होतं, कोट घातलेला माणूस रंगीत स्लाइड दाखवतो, शेवटी समोसा असतो. मी समोसा खाते आणि मला दर वेळी वाटतं, हे सगळं मला एका बाईने स्वेटर घालून, एकही स्लाइड न दाखवता शिकवलंय. तिचे उपकार मी कसे फेडणार ते मला खरंच कळत नाही. का ते सांगायचं तर आधी माझं सांगावं लागेल.

मला फिट येते. शाळेत असताना सुरू झालं. मुलुंडला आमच्या घराजवळ एका ट्रस्टचं हॉस्पिटल आहे, तिथे तेव्हापासून उपचार चालू आहेत. गोळ्या वेळेवर घेतल्या तर वर्षानुवर्षं काही होत नाही. पहिल्या नोकरीत मी हे विश्वासाने एका मैत्रिणीला सांगितलं. तिने काळजीपोटी दुसरीला सांगितलं, दुसरीने काळजीपोटी मॅनेजरला. आठवड्याभरात अख्ख्या मजल्याला माझी काळजी. माझ्या हातून पेन पडलं तरी चारजण खुर्चीतून उठायचे. "तू दगदग करू नकोस हं," म्हणत त्यांनी आधी माझं अवघड काम काढून घेतलं, मग सोपं. मग एक दिवस फार प्रेमाने मला घरी बसवलं. कुणी वाईट वागलं नाही. वाईट वागले असते तर भांडता तरी आलं असतं. घरी आल्यावर आई म्हणाली, "आता परत कुणापुढे तोंड उघडशील तर बघ."

म्हणून मरोळच्या ऑफिसात मी तोंड उघडलं नाही. नोकरी अजून कायम व्हायची होती. आणि पहिल्याच आठवड्यात मला कळलं की मुलुंडचं ते हॉस्पिटल आमचंच गिऱ्हाईक आहे. माझी फाईल आमच्याच सॉफ्टवेअरमध्ये होती.

माझी नोकरी कायम व्हायच्या सुमाराला त्याच हॉस्पिटलचा सरांना फोन आला. आमची नवी आवृत्ती बसवल्यापासून काही पेशंटच्या चिठ्ठ्यांवर औषधं अर्धवट छापून येत होती. डॉक्टर चिठ्ठ्या हाताने लिहीत होते आणि आमच्या नावाने शिव्या घालत होते. मिस लगेच जाऊन आल्या. त्यांनी सांगितलं की गडबड फक्त जुन्या पेशंटची होतेय, जे वर्षानुवर्षं औषधं घेतायत त्यांची. त्यांच्या चिठ्ठीतली एखादी ओळ गायब होते, पण का ते दिसत नाही.

सरांनी सगळ्यांना मीटिंगच्या खोलीत बोलावलं. "उद्या संध्याकाळपर्यंत मुदत दिलीय त्यांनी. नाहीतर काम काढून घेतील. मिस, अख्खी कॉपी इथे आणा. भिंतीवर प्रोजेक्टर लावू, सगळे मिळून एकेक जुना पेशंट उघडून बघू."

जुने पेशंट म्हणजे मी. माझ्या शेजारी आमच्या ऑफिसातला मुलुंडकर बसला होता. त्याचं नाव इथे घेत नाही, पण तो आमच्याच रस्त्यावर राहायचा. तो खूश झाला. "झकास! आमच्या बिल्डिंगच्या सेक्रेटरीला काय झालंय ते तरी कळेल."

"कॉपी येणार नाही," मिस म्हणाल्या.

"मिस, आपण काय बाहेर विकतोय का? ऑफिसातल्या ऑफिसात बघतोय."

"तेच. आपण बघणार."

"बघितल्याने काय होतं?"

मिस सगळ्यांकडे वळल्या. "ज्याला स्वतःची फाईल इथे भिंतीवर लावलेली चालेल त्याने हात वर करा."

मुलुंडकराने हात वर केला. "माझी लावा, मिस. मला काहीच नाही."

"तुला नसेल रे. तुझ्या बाजूला बसलेल्याला असेल."

बाजूला मी बसले होते. सगळी खोली माझ्याकडे बघतेय असं मला वाटलं. प्रत्यक्षात कुणीच बघत नव्हतं, मिससुद्धा नाही. त्या सरांकडे बघत होत्या.

सरांचा आवाज चढला. "मिस, मी तुम्हाला विचारत नाहीये. सांगतोय."

"मग पासवर्ड मी देणार नाही, सर. राजीनामा घ्या. टाईप करून आणते." त्या खरंच उठल्या. सरांनी कपाळ धरलं. शेवटी सर म्हणाले, "उद्या चार वाजेपर्यंत. तुमच्या त्या खोट्या लोकांना घेऊन काय करायचं ते करा. नाही सापडलं तर कॉपी येणार, तुम्ही असा नाहीतर नसा."

दुसऱ्या दिवशी सकाळपासून आम्ही त्याच खोलीत. मिस म्हणाल्या, "दहा-दहा वर्षं औषध घेणाऱ्या माणसाचं काय काय होतं, ते सांगा. सुचेल ते. आपण तसं माणूस करू आणि चिठ्ठी छापून बघू." मंडळी सांगू लागली. डॉक्टर बदलतो. घर बदलतं. कंपनी बदलते आणि गोळीचं नाव बदलतं. मध्येच औषध सोडतो आणि परत सुरू करतो. एकेक माणूस तयार होत गेला आणि प्रत्येकाची चिठ्ठी बरोबर छापून येत गेली. काचेच्या दाराबाहेरून सर घड्याळाकडे बघत फेऱ्या मारायला लागले. माझा जेवणाचा डबा उघडलाच गेला नाही.

मला एक गोष्ट ठाऊक होती. ती त्या खोलीत दुसऱ्या कुणाला सुचली नसती. मी एकच गोळी दोन वेळा घेते, सकाळी कमी ताकदीची आणि रात्री जास्त. माझ्या चिठ्ठीवर त्याच औषधाच्या दोन ओळी असतात. हे बोलायचं म्हणजे दार अर्धं उघडायचं. न बोलायचं म्हणजे चार वाजता भिंतीवर मी.

मी कीबोर्ड पुढे ओढला. बाईचा पुरुष केला. वय दुप्पट केलं. मुलुंडहून उचलून बोरिवलीला टाकलं. त्याला बसचा निवृत्त कंडक्टर केलं आणि भरघोस मिशा दिल्या. मिशांसाठी सॉफ्टवेअरमध्ये जागा नव्हती, तरी मनातल्या मनात दिल्या. मग त्याला फिटचा आजार दिला आणि गोळी लिहिली. सकाळी. मग तीच गोळी, रात्री.

"एकच गोळी दोनदा?" मुलुंडकर म्हणाला. "ती पण कमी-जास्त? असं कोण घेतं?"

"घेतात."

"तुला काय माहीत?"

मिसनी माझ्याकडे एकदा बघितलं, अगदी क्षणभर. मग स्क्रीनकडे वळल्या.

"तिने केलेला माणूस आहे," त्या म्हणाल्या. "तिला नाही माहीत असणार तर कोणाला? छाप चिठ्ठी."

चिठ्ठी आली. सकाळची गोळी होती, रात्रीची नव्हती.

मुलुंडकराचा चेहरा पडला. नव्या आवृत्तीत तो भाग त्यानेच लिहिला होता. एकाच नावाचं औषध दोनदा आलं तर ते चुकून आलं असणार, असं समजून त्याने दुसरी ओळ काढून टाकायची सोय केली होती. "मी साफसफाई केली होती, मिस," तो हळूच म्हणाला. आमच्या धंद्यात दोनदा आलेली गोष्ट म्हणजे कचरा, हे आम्हाला पहिल्या दिवसापासून शिकवलेलं असतं. तो रात्रीची गोळी घेणाऱ्या माणसाला कधी भेटला नव्हता. म्हणजे भेटला होता, रोज भेटत होता, पण ते त्याला माहीत नव्हतं. मिस त्याला रागावल्या नाहीत. त्यांनी पर्समध्ये पट्टी आहे ना ते चाचपून बघितलं आणि दुरुस्ती घेऊन हॉस्पिटलला निघाल्या. त्या दिवशी ओहोटीचं नाव त्यांनी काढलं नाही.

पुढच्या वेळी मी गोळ्या आणायला गेले तेव्हा माझ्या चिठ्ठीवर दोन्ही ओळी होत्या. केमिस्टच्या दुकानात उभं राहून मी ती चिठ्ठी परत परत वाचली. माझी नोकरी कायम झाली. मिसनी मला कधी काही विचारलं नाही. वांगी मात्र सुरू झाली.

त्यानंतर काही महिन्यांनी, ताप अंगावर काढत मी ऑफिसात गेले आणि दुपारी जेवणानंतर मला फिट आली. इतक्या वर्षांनी. मला त्यातलं काही आठवत नाही, आठवायची सोयच नसते. मुलुंडकराने नंतर सांगितलं की तो चप्पल हुंगवायला घेऊन धावला होता आणि मिसनी त्याला चपलेसकट बाहेर काढलं. सगळ्यांनाच बाहेर काढलं, पडदे ओढले आणि दार लावून घेतलं.

मला जाग आली तेव्हा मी कुशीवर होते, डोक्याखाली चॉकलेटी स्वेटर होता. मिस शेजारी फरशीवर मांडी घालून बसल्या होत्या, हातातलं घड्याळ काढून समोर ठेवलेलं.

"ऑफिसात आहेस," त्या म्हणाल्या. "पडली होतीस. लगेच थांबलं. लागलं नाही कुठे. आईला फोन करू की डॉक्टरला?"

"आईला." जीभ जड झाली होती. मग हळूहळू बाकीचं ध्यानात आलं. लागलं नव्हतं, कारण शेजारी लोखंडी कपाट नव्हतं. माझं टेबल त्या कपाटापाशी असायचं. मिसनीच ते हलवून स्वतःच्या शेजारी आणलं होतं, जुन्या जागी एसीचा वारा जास्त येतो असं काहीतरी कारण काढून.

"मिस, तुम्हाला माहीत होतं?"

"माहीत नव्हतं. वाटलं होतं."

"कोणी सांगितलं?"

"तुझ्या कंडक्टरने. बाकी सगळा खोटा होता गं तो. गोळ्या फार खऱ्या होत्या."

"मग विचारलं का नाही?"

"विचारून काय करणार होते मी? असं झालं तर काय करायचं ते वाचून ठेवलं."

मला रडू यायला लागलं. आयुष्यात पहिल्यांदा घराबाहेरच्या कुणाला तरी माझ्याबद्दल ठाऊक होतं आणि त्याने मला छोटं केलं नव्हतं. बाहेर कुजबुज चालली होती. पहिल्या ऑफिसातली ती काळजी, ते हळुवार आवाज, सगळं आता दाराच्या पलीकडे उभं होतं.

"त्यांना काय सांगितलंत?" मी विचारलं.

"काही नाही. मला काय हक्क?"

"चक्कर आली म्हणून सांगा ना, मिस."

"सांगते. चक्कर सांगू, ॲसिडिटी सांगू, तू म्हणशील ते सांगते, आणि तेच शेवटपर्यंत सांगेन. पण ठरव तू. माझ्यावर सोडू नकोस."

त्यांनी मला पाणी दिलं, केस नीट केले, उठायला हात दिला. मी दारापाशी थोडा वेळ उभी राहिले. त्या घाई करत नव्हत्या. मग मीच कडी काढली.

सगळे उभे होते. पुढे सर, त्यांच्यामागे मुलुंडकर. "काय झालं होतं हो हिला?" सरांनी विचारलं. मिसना विचारलं.

मिस नुसत्या माझ्याकडे बघत राहिल्या, मग सरही बघायला लागले, मग सगळेच.

"मला फिट येते, सर," मी म्हणाले. "लहानपणापासून. गोळ्या चालू आहेत. उद्या सुट्टी घेते, परवा येते."

सरांनी मान हलवली. मी वाट बघत होते, आता ते म्हणतील, दगदग करू नकोस.

"परवा नक्की ये हं," सर म्हणाले. "डेमो आहे, आणि तो तूच द्यायचाय."